१४ टनांचा अँगल आणि अडीच टन पाणी

अंबड तालुक्यातली मोसंबीची बाग. विहिरीवर मोटार आहे, पण थ्री फेज लाईट एका आठवड्याला दिवसा आणि पुढच्या आठवड्याला रात्री. जनावरांना, फवारणीला आणि घराला दिवसभर पाणी हवे म्हणून बागायतदाराने गोठ्याजवळ लोखंडी स्टँड उभारून त्यावर १००० लिटरची टाकी ठेवली होती. ती कित्येक वर्षे बिनतक्रार चालली. यंदा कुटुंबाने ५००० लिटरची टाकी आणली, जुनी उतरवली आणि नवी त्याच स्टँडवर चढवली. संध्याकाळी मोटार सुरू केली. टाकी निम्म्याच्या पुढे गेली असेल तेव्हा मुलाच्या लक्षात आले की टाकीची कड आणि मागचा विजेचा खांब यांची रेघ जुळत नाही. त्याने मोटार बंद केली आणि जनावरांच्या हौदावरचा कॉक पूर्ण उघडला. हौद स्टँडपासून लांब होता, त्यामुळे कलत्या टाकीखाली जायची वेळ कोणावर आली नाही. पाणी उतरत गेले तसा स्टँड पुन्हा उभा झाला.

या शेवटच्या वाक्यात सगळे प्रकरण आहे, पण तिथे पोचण्याआधी जागेवर काय चर्चा चालली होती ते सांगायला हवे.

स्टँड बनवणारे मिस्त्री म्हणत होते, "साहेब, पन्नास-सहाचा अँगल हाय, त्याला काय होतंय? जमीन बसली असंल." पन्नास-सहा म्हणजे ५० मिमी रुंद आणि ६ मिमी जाड. जमीन काळी आहे. मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि हलक्या बांधकामांचे पाये तिने आजवर पुष्कळ हलवले आहेत. त्यामुळे मिस्त्रींचा संशय हवेतला नव्हता. बागायतदाराला अँगलच हलका मिळाला असे वाटत होते. शेजारच्या मळ्यातल्या एका जाणत्या गृहस्थांनी वेल्डिंगवर बोट ठेवले.

मी तिन्ही शक्यता तपासल्या. व्हर्नियर लावून अँगलची जाडी मोजली, ती सहा मिलिमीटरच्या आसपासच निघाली. वेल्डिंग देखणे नव्हते, पण कुठे तडा नव्हता. पायाचे काँक्रीट उकरून पाहिले, त्याभोवतीची माती दबलेली नव्हती. आणि मोठा पुरावा मुलाच्या डोळ्यांसमोर घडला होता. जमीन बसली असती तर पाणी काढल्यावर ती वर आली नसती. वेल्ड सुटला असता तर तो परत जुळला नसता. लोखंड वाकून कायमचे मुरडले असते तर स्टँड वाकडाच राहिला असता. ओझे ठेवल्यावर कलतो आणि ओझे काढल्यावर सरळ होतो, हे स्थितिस्थापक बकलिंगचे, म्हणजे दाबाखाली खांब बाजूला वाकण्याचे, लक्षण आहे. लोखंडाची ताकद अजून शिल्लक असताना आकाराचा तोल सुटू लागतो.

स्टँडची मापे अशी. चार कोपऱ्यांना चार खांब, प्रत्येक ५० × ५० × ६ मिमी अँगलचा. उंची ४.५ मीटर. खांबांमधले अंतर दोन्ही बाजूंनी १.५ मीटर. वर चॅनेलची चौकट आणि त्यावर पत्रा. मध्यावर, म्हणजे २.२५ मीटरला, ४० × ४० × ५ च्या अँगलचा आडवा पट्टा चारी बाजूंनी. खाली १५० मिमी चौरस प्लेट, प्रत्येक प्लेटला दोन बोल्ट. तिरपा एकही तुकडा नाही.

आता मिस्त्रींचा हिशोब आधी करू, कारण तो पुष्कळांच्या मनातला हिशोब आहे. पन्नास-सहाच्या अँगलचे छेदक्षेत्र ५६८ चौरस मिमी. साध्या पोलादाचा यील्ड ताण, म्हणजे ज्या ताणाला ते कायमचे मुरडू लागते तो, २५० न्यूटन प्रति चौरस मिमी. गुणाकार १४२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १४ टन. एका अँगलचे १४, चारांचे ५६ टन. वरचे ओझे किती? पाणी ५०००, रिकामी टाकी ११० आणि चौकट-पत्रा २०० धरून ५३१० किलो. प्रत्येक खांबावर १३ किलोन्यूटन. लोखंडातला ताण जेमतेम २३ न्यूटन प्रति चौरस मिमी, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. या हिशोबाने स्टँड दसपट मजबूत आहे. गणितात चूक काहीच नाही. फक्त हे गणित अँगल चुरडण्याचे आहे, आणि उंच सडपातळ खांब चुरडून पडत नाही.

सडपातळ खांबाचे गणित लिओनार्ड ऑयलरने १७४४ साली मांडले. त्याचे सूत्र आजही तसेच वापरतात:

क्रांतिक भार = ९.८७ × ई × आय ÷ (प्रभावी लांबी)²

क्रांतिक भार म्हणजे ज्या ओझ्याला खांब वाकून तोल सोडतो ते ओझे. ९.८७ हा ३.१४१६ चा वर्ग. ई म्हणजे पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक, २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिमी. आय म्हणजे छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया, लोखंड मध्यापासून किती लांब पसरले आहे याचे माप. या सूत्रात २५० हा आकडा कुठेच येत नाही. म्हणजे भारी ग्रेडचे, दुप्पट यील्डचे पोलाद आणले तरी सडपातळ खांबाचा क्रांतिक भार तसूभरही वाढणार नाही, कारण सगळ्या पोलादांचा ई जवळपास सारखाच असतो. जालन्यासारख्या पोलादाच्या बाजारपेठेत ग्रेडचा बोलबाला असतो, आणि सळईच्या बाबतीत तो रास्तही आहे. पण अशा खांबासाठी ग्रेडपेक्षा आकार आणि लांबी निर्णायक आहेत.

हे सूत्र कधी लावायचे यालाही हद्द आहे. प्रभावी लांबी भागिले छेदाची परिभ्रमण त्रिज्या (आय भागिले छेदक्षेत्र, याचे वर्गमूळ) हे सडपातळपणाचे गुणोत्तर २५० यील्डच्या पोलादासाठी साधारण ८९ च्या वर असेल तरच ऑयलर खरा ठरतो. त्याखाली खांब वाकण्याआधी लोखंड यील्ड होऊ लागते, आणि तिथे एंगेसरने १८८९ मध्ये सुचवलेल्या दुरुस्तीसारखे मार्ग घ्यावे लागतात. आपल्या स्टँडचे गुणोत्तर साडेतीनशेच्या घरात निघते, म्हणजे आपण ऑयलरच्या मुलखात अगदी आतवर आहोत.

आता प्रभावी लांबी, म्हणजे वाकताना खांब जितका लांब असल्यासारखा वागतो ती लांबी. हा विषय विद्यार्थी तक्ता पाठ करून सोडवतात, आणि सगळी ग्यानबाची मेख इथेच असते.

टेपने मोजले तर खांब ४.५ मीटर. मध्ये पट्टा आहे म्हणून मिस्त्री २.२५ धरतात. "मधी पट्टी मारलीय की," असे ते मला दोनदा म्हणाले. पण पट्टा खांबाला आडवा हलू देत नाही असे कधी म्हणता येईल? तो स्वतः हलत नसेल तेव्हा. इथे चारी खांब एकाच दिशेला कलले तर पट्टा त्यांच्याबरोबर मुकाट्याने सरकतो. चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो आणि पट्टा त्याला हरकत घेत नाही. खिळखिळी झालेली बाज एका अंगाला कलते तेव्हा तिचे गाते आणि खुर धड असतात, सुटते ती कोपऱ्यातली पकड. पट्टा जाडजूड असता आणि खांबाशी चारी कडांनी भक्कम वेल्ड केलेला असता तर कोपऱ्यांनी थोडा विरोध केला असता. इथे ४० × ५ चा अँगल एका कडेने टाचलेला. मी तो हिशोबात धरला नाही.

मग उरतो ४.५ मीटरचा खांब, ज्याचे वरचे टोक चौकटीमुळे वळू शकत नाही पण आडवे सरकू शकते, आणि खालचे टोक सरकू शकत नाही पण किती वळते ते प्लेटवर अवलंबून. खालचे टोक बिजागरासारखे मोकळे मानले तर पोलादी बांधकामाची भारतीय संहिता आयएस ८००:२००७, तिच्या तक्ता ११ प्रमाणे प्रभावी लांबी दुप्पट, म्हणजे ९ मीटर. पूर्ण घट्ट मानले तर १.२ पट, म्हणजे ५.४ मीटर. त्याच खांबाची लांबी टेपवर ४.५ आणि गणितात ५.४ ते ९. सूत्रात लांबीचा वर्ग येतो, म्हणून या दोन टोकांमध्ये क्रांतिक भार जवळपास तिप्पट बदलतो.

आय कोणता घ्यायचा, इथेही थोडे थांबावे लागते. अँगलला दोन प्रकारचे आय आहेत. फळीला समांतर अक्षाभोवती १२.९ सेंमी⁴ (म्हणजे १,२९,००० मिमी⁴), आणि तिरप्या कमकुवत अक्षाभोवती फक्त ५.३ सेंमी⁴. एकटा अँगल नेहमी कमकुवत अक्षाभोवती वाकतो. पण सगळा स्टँड एकदम कलतो तेव्हा चार कोपऱ्यांतले अँगल चार दिशांना तोंड करून असतात. एका कर्णावरचे दोन कमकुवत बाजूने वाकतात, दुसऱ्या कर्णावरचे भक्कम बाजूने, आणि बेरीज केली तर कोणत्याही दिशेला चौघांचे मिळून १२.९ ची चौपट येते. म्हणून कलण्याच्या हिशोबाला १२.९, आणि दोन गाठींमधला एकच अँगल वाकण्याच्या हिशोबाला ५.३. हा फरक न करता सरसकट एकच आकडा वापरला तर उत्तर एका ठिकाणी उगाच भीतीदायक आणि दुसऱ्या ठिकाणी धोकादायक निघते.

पायथा मोकळा धरला: ९.८७ × २,००,००० × १,२९,००० ÷ ९०००² = ३.१४ किलोन्यूटन प्रति खांब. चौघांचे १२.६, म्हणजे सुमारे १२८० किलो. पायथा घट्ट धरला: ८.७३ किलोन्यूटन प्रति खांब, चौघांचे ३४.९, म्हणजे सुमारे ३५६० किलो. पूर्ण भरलेली टाकी ५३१० किलो. दोन्ही टोकांना स्टँड नापास.

जुन्या टाकीने मात्र एक उपयोगी साक्ष दिली. १००० लिटर पाणी, टाकी आणि चौकट मिळून सव्वाबाराशे किलो होतात. पायथा खरोखर बिजागरासारखा असता तर १२८० च्या मर्यादेला इतके चिकटून हा स्टँड इतक्या वाऱ्यावादळात उभा राहिला नसता. म्हणजे दोन बोल्टांची प्लेट बऱ्यापैकी पकड देत होती. किती, ते मुलाच्या नजरेवरून काढता आले.

रिकाम्या स्टँडला ओळंबा लावला तेव्हा माथा पायथ्यापासून १२ मिमी बाहेर होता. उभारतानाच राहिलेला हा तिरपेपणा असावा. कोणताही खरा खांब अगदी सरळ नसतो, आणि म्हणून प्रत्यक्षात बकलिंग एका क्षणात फटकन येत नाही, ते वाढत येते. नियम सोपा आहे: मूळ तिरपेपणा भागिले (१ वजा भार भागिले क्रांतिक भार). भार क्रांतिक भाराच्या निम्मा झाला की तिरपेपणा दुप्पट, ८० टक्के झाला की पाचपट, ९० टक्के झाला की दसपट. मुलगा म्हणाला, टाकी चार बोटे कलली होती. साधारण ७५ मिमी धरू. १२ चे ७५ म्हणजे सहापटीच्या थोडे वर, म्हणजे भार क्रांतिक भाराच्या ८४ टक्क्यांवर पोचला होता. मोटार तासाला किती पाणी टाकते आणि किती वेळ चालली यावरून टाकीत २६०० लिटर असावे. टाकी-चौकट धरून २९१० किलो. त्यावरून स्टँडचा क्रांतिक भार सुमारे ३४६० किलो, आणि प्रभावी लांबीचा गुणक १.२ च्या जवळ. चार बोटांचा अंदाज हे काटेकोर मोजमाप नव्हे, पण तक्त्यातल्या घट्ट पायथ्याच्या आकड्याशी ते जुळते आणि जुन्या टाकीच्या साक्षीशीही. साउथवेलने १९३२ मध्ये याच नात्यावरून खांब न मोडता त्याचा क्रांतिक भार काढण्याची पद्धत बसवली. टप्प्याटप्प्याने भार वाढवायचा, दर वेळी वाक मोजायचा आणि आलेख काढायचा. ती पद्धत इथे वापरायला मला पुन्हा त्याच स्टँडवर पाणी चढवावे लागले असते, ते योग्य नव्हते.

मोटार आणखी थोडा वेळ चालू राहिली असती तर ३४६० चा आकडा ओलांडला असता आणि टाकी खाली आली असती. गोठा शेजारीच आहे. मुलाने रेघ पाहिली म्हणून हे प्रकरण नुसते गणित राहिले.

दुरुस्तीसाठी मिस्त्रींचा प्रस्ताव प्रामाणिक होता. प्रत्येक खांबाला आतून दुसरा अँगल जोडून पेटी बनवायची. लोखंड दुप्पट, ८१ किलो जास्त. पेटीचा आय सुमारे ३५ सेंमी⁴, म्हणजे जवळपास पावणेतीनपट. पायथ्याची पकड भरवशाची नाही, कारण दोन बोल्ट काळाबरोबर गंजतात, सैल होतात. म्हणून पायथा मोकळा धरून पाहिले तर चौघांची क्षमता जेमतेम ३४५० किलो. दुप्पट लोखंड घालूनही भरलेली टाकी पेलत नाही. बागायतदाराला हे पटायला वेळ लागला. ते म्हणाले, "लोखंड वाढवल्यावर बी कमी कसं पडतंय?" मी त्यांना वहीत लांबीचा वर्ग दाखवला. भाजकात नऊचा वर्ग बसला आहे तोवर अंशात कितीही लोखंड ओतले तरी थोडेच हाती लागते. लांबी तोडली पाहिजे, आणि ती तोडायला आधी कलणे थांबले पाहिजे.

कलणे थांबवते तिरपी पट्टी. चौकोनाला कर्ण दिला की त्याचे दोन त्रिकोण होतात, आणि बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही. मला या विषयातले सगळ्यात सुंदर वाटते ते हे: त्या पट्टीला काम फार थोडे असते. वाऱ्याचा आडवा जोर आणि खांबांना जागेवर ठेवायला लागणारा किरकोळ जोर मिळून पट्टीत जेमतेम तीन-चार किलोन्यूटन येतात. १२ मिमीची सळईसुद्धा ओढीत ते सहज घेते. इतका हलका तुकडा ५ टनांच्या ओझ्याचा निकाल फिरवतो. आणि तो नसेल किंवा कमकुवत असेल तर भले भले पूल पडतात. कॅनडात क्वेबेकचा पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम चालू असतानाच कोसळला, ७५ कामगार गेले. दाब घेणाऱ्या खालच्या पट्ट्यांमध्ये भरपूर पोलाद होते, पण त्या पट्ट्यांच्या फळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारी जाळी दुबळी होती.

तिरप्या पट्ट्या लागल्यावर स्टँड एकदम कलू शकत नाही. मग प्रश्न उरतो एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंतच्या एकट्या अँगलचा, कमकुवत अक्षाभोवती. मधला पट्टा आहे तिथेच ठेवला तर लांबी २.२५ मीटर, ऑयलर भार २०.७ किलोन्यूटन. गरज १३. वरवर पुरेसे दिसते. पण ऑयलरचा आकडा आदर्श खांबाचा आहे. खरा अँगल किंचित वाकडा असतो, रोलिंग आणि वेल्डिंगमुळे त्यात आधीच ताण अडकलेले असतात. आयएस ८०० त्यासाठी अँगलला क वर्गात टाकते, ०.४९ चा दोष-गुणक लावते आणि वर १.१ चा सुरक्षा भागाकार करते. हे सगळे केल्यावर २.२५ मीटरच्या अँगलची क्षमता १५.५ किलोन्यूटन उरते, आणि सुरक्षिततेसाठी दीडपट केलेला भार आहे १९.५. वारा अजून धरलेलाच नाही. शिवाय सडपातळपणाचे गुणोत्तर २३४ येते, कायमचा दाब घेणाऱ्या भागासाठी मर्यादा १८० आहे.

म्हणून तीन टप्पे केले: १.५ आणि ३ मीटरला नवे पट्टे, मधला काढून टाकला. लांबी १.५ मीटर, गुणोत्तर १५६. ऑयलर ४६.५ किलोन्यूटन, संहितेप्रमाणे ३१.५.

वारा. छत्रपती संभाजीनगरसाठी आयएस ८७५ या भारांच्या भारतीय संहितेत वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे, जवळच्या या भागाला तोच घेतला. मोकळ्या शेतात त्याचा दाब सुमारे ९१० न्यूटन प्रति चौरस मीटर. टाकीची उभी सावली ३.८ चौरस मीटर, गोल आकारासाठी ०.७ चा गुणक, म्हणजे टाकीवर २.४ किलोन्यूटनचा धक्का साडेपाच मीटर उंचीवर. वारा कर्णाच्या दिशेने आला तर एका खांबावर ६.४ किलोन्यूटन जास्त दाब. १३ आणि ६.४ मिळून १९.४, दीडपट २९.१. क्षमता ३१.५. पास, पण फार मोकळीक नाही, म्हणून आणखी मोठ्या टाकीचा विचार या स्टँडवर करू नका असे मी लिहून दिले.

वाऱ्याची दुसरी बाजू रिकाम्या टाकीची. मे महिन्याच्या वावटळीत टाकी रिकामी असेल तर वाऱ्याकडच्या खांबाला साडेपाच किलोन्यूटनची उचल लागते. ६० × ६० सेंमी, १ मीटर खोल काँक्रीटचे वजन साडेआठ किलोन्यूटन भरते. जुने ठोकळे लहान होते, ते वाढवले आणि बोल्ट चार केले. काळ्या मातीसाठी ठोकळ्यांभोवती मुरूम भरला. हाच स्टँड किल्लारी-औसा भागात असता तर भूकंपाचा हिशोब वेगळा मांडावा लागला असता. ३० सप्टेंबर १९९३ नंतर तिथे उंचावर ५ टन ठेवताना तो विचार टाळता येत नाही.

नवीन स्टँड करायचा असता तर मी अँगल घेतलाच नसता. ५० मिमी बोअरचा मध्यम जाडीचा गोल पाईप मीटरला ५ किलो भरतो, पन्नास-सहाचा अँगल साडेचार किलो. वजन, म्हणजे पर्यायाने पैसे, जवळपास सारखेच. पण पाईपचा आय सगळ्या दिशांना २५.९ सेंमी⁴, अँगलच्या कमकुवत अक्षाच्या जवळजवळ पाचपट, कारण पाईपचे सगळे लोखंड मध्यापासून दूर, कडेला असते. २.२५ मीटरच्या टप्प्याला अँगल १५.५ किलोन्यूटन देतो तिथे तो पाईप, २१० च्या हलक्या यील्डनेसुद्धा, ६० च्या वर देतो. दुकानात लोखंड किलोवर विकले जाते आणि खांब आयवर उभा राहतो, हे ज्याला कळले त्याचे पुष्कळ पैसे वाचतात. पाईपची टोके मात्र प्लेट लावून बंद करावीत, नाहीतर आतून गंज खातो आणि बाहेरून कळत नाही. आणि पाईप घेतला म्हणून तिरप्या पट्ट्या गाळता येत नाहीत: त्यांच्याशिवाय, पायथा मोकळा धरला तर, चार पाईपांची क्षमता २५७० किलोच निघते.

काम करताना एका गोष्टीवर मी हटून बसलो. तिरप्या पट्ट्या वेल्ड करण्याआधी टाकी पूर्ण रिकामी हवी आणि माथा ओळंब्यात आणलेला हवा. वाकड्या स्टँडला तसेच जखडले तर तो कायमचा वाकडा राहतो. मिस्त्रींनी चेन पुली लावून १२ मिमीचा फरक ३ वर आणला आणि मग ४० × ६ च्या पट्ट्या फुलीसारख्या लावल्या, फुलीच्या मध्यावर टाचून. त्यांचा हात चांगला आहे. पट्ट्या आणि पट्टे मिळून सुमारे १३० किलो लोखंड लागले. पेटीच्या प्रस्तावापेक्षा ५० किलो जास्त, पण हे लोखंड योग्य जागी होते.

बागायतदाराची एकच अडचण होती. खालचा टप्पा चारी बाजूंनी फुल्यांनी बंद झाला तर फवारणीचा पंप आत कुठून न्यायचा? मागाहून गॅस कटरने एक फुली कापून टाकण्याचा मोह अशाच वेळी होतो, आणि अनेक स्टँडांच्या खालच्या टप्प्यात फुल्या नसतात त्या याच कारणाने. म्हणून ती सोय आधीच हिशोबात घेतली. गोठ्याकडची एक बाजू खालच्या टप्प्यात मोकळी ठेवली आणि त्याबदल्यात १.५ मीटरच्या पातळीवर आडवी फुली दिली, म्हणजे त्या पातळीवरचा चौकोन ताठ राहतो. मग मोकळ्या बाजूच्या दिशेचा सगळा जोर समोरची बाजू घेते, आणि त्यामुळे येणारा पीळ उरलेल्या दोन समांतर बाजू मिळून घेतात. पट्टीतला जोर तेव्हा साडेतीन किलोन्यूटनच्या आसपास जातो, ४० × ६ च्या पट्टीला तो काहीच नाही. दुसरी कोणतीही बाजू उघडली तर मात्र हा हिशोब मोडतो, म्हणून त्या तिन्ही बाजूंच्या खालच्या पट्ट्या लाल रंगवून घेतल्या.

भरण्याची चाचणी १००० लिटरच्या टप्प्यांनी केली, ओळंबा लावून, सगळ्यांना लांब ठेवून. ५००० वर माथा २ मिमी सरकला. दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी केल्यावर तो होता तिथे आला.

आता पंप गोठ्याच्या बाजूने आत जातो.